झारेकऱ्यांच्या घरातलं माप

“उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन काय बी करायचं न्हाई, बाई. आदी आत या, च्या घ्या, मग काय त्ये यंत्र लावा,” असं म्हणत हौसाबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला सरळ घरात ओढलं.

मी दारातच पेटी टेकवून तिच्या कड्या काढत होते. भोवती गल्लीतली पंधरा-वीस पोरं जमलेली, एकानं तर यंत्राच्या नळीत बोटही घालून बघितलं होतं. मी त्याच्यावर खेकसले, तर बाकीची खिदळायला लागली. माझा स्वभाव तेव्हाही असाच, नाकावर राग. त्यात साडेतीनची एसटी चुकली की पुढची सहाला. तेव्हा बाईनं हात धरल्यावर मी फार आढेवेढे घेतले नाहीत, पेटी उचलली आणि आत गेले.

ही सत्त्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, ती माणसं अजून तिथं राहतात.

झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानापुढची धूळ झाडून नेणारी माणसं. सोनाराच्या कानशीतून उडालेला कण गटारात गेला तरी यांच्या हातून सुटत नाही. धूळ परातीत पाण्यानं धुवायची, तळाशी राहिलेल्या गाळात पारा घालून चोळायचा. पारा सोन्याला धरतो. मग फडक्यातून पिळून जी गोळी उरते ती चुलीवर तापवायची. पारा उडून जातो, सोनं खाली राहतं. पारा उडून जातो तो कुठं जातो, हे बघायला मी आले होते.

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या प्रयोगशाळेला चिठ्ठी पाठवली होती. हौसाबाईंची सून सुगंधा, वय तेवीस. दोनदा पोटातलं मूल गेलेलं. आता तिसऱ्यांदा दिवस होते, चौथा महिना. घरात पारा तापवतात, हवा तपासून द्यावी, असं त्यांनी लिहिलं होतं. आमच्या नाडगौडा मॅडमनी ती चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “शालन, यंत्र घेऊन जा.” पाऱ्याची वाफ मोजणारं ते यंत्र आख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि ते चालवणारी मीही एकच. त्या गोष्टीचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू! खांद्याला ती पेटी लावून एसटीत चढले की कंडक्टरसुद्धा मला अहोजाहो करायचे.

पुढची खोली स्वच्छ होती, शेणानं सारवलेली, भिंतींना ताजा चुना. मागच्या भिंतीत देवळी, तिच्यात देवीचा टाक, निरांजन आणि झाकण घातलेली तांब्याची वाटी. देवळीच्या खाली वाकळ घडी करून ठेवलेली. मी घोंगडीवर बसले आणि पेटी उघडून यंत्र चालू केलं. त्याला तापायला अर्धा तास लागायचा. तापलं की शून्याचं बटण दाबायचं आणि मग मापं घ्यायला लागायचं. हे सगळं खरं म्हणजे बाहेर मोकळ्या हवेत करायचं. पण बाहेर ती पोरं आणि आत चहा. म्हटलं, तापू दे इथंच, तेवढाच वेळ वाचेल.

“पुढच्या खोलीत पारा आणता का कधी?” मी विचारलं.

“छ्या! पाऱ्याचं सगळं मागं, पत्र्याच्या छपरात,” हौसाबाई म्हणाल्या. “चूल तिकडंच हाय. हितं देव हाईत.”

बाई पन्नाशीच्या, काटक, कपाळावर आडवं कुंकू. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. गल्लीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. मुलगा बापू धूळ गोळा करायला सराफ पेठेत गेला होता.

सुगंधा चहा घेऊन आली. बारीक चणीची, डोळे मोठे, दहावीपर्यंत शिकलेली. बशी माझ्यापुढं ठेवून ती यंत्राजवळ उकिडवी बसली.

“ताई, ह्येच्यात काय काय दिसतंय?”

“हवेत पारा असला तर आकडा येतो.”

“आन पोरगा का पोरगी, त्ये?”

“गप ग,” हौसाबाई म्हणाल्या, पण त्याही हसल्या. मीसुद्धा हसले. फार दिवसांनी त्या घरात कुणी हसलं असावं, कारण दोघी लगेच गप्प झाल्या.

मग सुगंधा खाली मान घालून म्हणाली, “ताई, मला भावाकडं जायाचं हाय. बाळंत हुईपतूर. आत्या न्हाई म्हणत्यात.” आत्या म्हणजे सासू.

“का न्हाई म्हणती त्ये बी सांग की,” हौसाबाई तडकल्या. “बाई, हिचा भाऊ गरीब गाय, पर भावजय! चार म्हशींच्या धारा, शेणघाण, समदं हिच्या गळ्यात मारंल. दोन येळा पोट रिकामं झाल्याली पोर ही. हितं मी तिला परातसुदीक उचलू देत न्हाई. रोज दूध, रोज अंडं. रात्रीचं देवीच्या पायाखाली निजवती.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “पर डाक्टरीण म्हणती, तुमच्या घरातच वंगाळ हवा असंल. तसं असंल तर सांगा. मी सवता हिला सोडून यीन, भावजयीचं पाय धरीन. न्हाईतर हितंच ठिवीन. तुमी सांगाल त्ये.”

“यंत्र सांगेल ते,” मी म्हणाले. मला अशी वाक्यं टाकायची हौस होती.

चहा संपेपर्यंत यंत्रावरचा हिरवा दिवा लागला होता. मी मांडीवर घेऊनच त्याचं शून्याचं बटण दाबलं, पडद्यावर शून्य आलं आणि मी उठून मापं घ्यायला लागले. पुढच्या खोलीत शून्य. स्वयंपाकघरात शून्य, मग एकदा एक, पुन्हा शून्य. मागच्या छपरात, चुलीच्या तोंडाशी चार. आकडा कशाचा, ते सोडा. घरात एकाच्या वर गेला की आम्ही काळजी करतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

मी वही मिटली आणि ऐटीत सांगितलं, “मावशी, छपरात थोडा पारा आहे. तिकडं सुगंधाला जाऊ देऊ नका, हातपाय धुऊन घरात या. पण राहतं घर स्वच्छ आहे. काळजीचं कारण नाही.”

“ठिवू म्हणता हितं?”

“खुशाल ठेवा.”

हौसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, पदरात नारळ घातला. सुगंधा भिंतीला टेकून उभी होती. “म्हंजे जायाचं न्हाई व्हय,” ती हळूच म्हणाली. मला जरा रागच आला. चांगली बातमी द्यावी, तर हिचं तोंड उतरलेलं!

“अगं, आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं?” मी तिला म्हटलं. ती कसनुशी हसली.

बाहेर गल्लीत आले तरी यंत्र चालूच होतं. बंद करायला गेले तर पडद्यावर उणे तेरा. उणे! हवेत पारा उणे असतो कधी? मी पेटीला दोन चापट्या मारल्या, आकडा हलला नाही. बॅटरी उतरली असणार, असं म्हणत मी वहीच्या कडेला पेन्सिलनं ‘-१३, बॅटरी?’ असं लिहिलं आणि एसटी स्टँडकडं पळाले. गाडी मिळाली, खिडकीसुद्धा मिळाली.

अहवाल दोन ओळींचा झाला. राहत्या घरातील हवेत पारा आढळला नाही. मॅडमनी सही केली, पोस्टानं गेला.

मे महिन्यात यंत्राच्या वार्षिक तपासणीला मुंबईहून डिमेलो आला. वसईचा माणूस, बोलायला गोड, कामाला चोख. मी त्याला चहा देता देता तक्रारींचा पाढा वाचला.

“आणि हे बघा, मध्येच उणे आकडे दाखवतं. तुमच्या कंपनीनं काय रद्दी पाठवलीय ही!”

“उणे? कुठे दाखवलं?”

मी वही काढून त्याच्यापुढं टाकली. त्यानं पेन्सिलीतलं वाचलं, मग त्या दिवसाची सगळी मापं वाचली. चहाचा कप त्यानं खाली ठेवला.

“बाई, हे उणे तेरा कुठे आलं होतं?”

“बाहेर. गल्लीत.”

“आणि शून्य कुठे घेतलं होतं?”

“तिथंच, घरात,” मी म्हणाले.

डिमेलोनं आवाज चढवला नाही. “ह्या यंत्राला स्वच्छ हवा म्हणजे काय ते ठाऊक नसतं, बाई. तुम्ही बटण दाबता तेव्हा जी हवा असते तीच ते स्वच्छ धरतं, आणि पुढचं सगळं तिच्या वर किती, एवढंच सांगतं. गल्लीतली हवा त्या हवेपेक्षा तेरानं बरी होती. म्हणजे तुम्ही जिथे शून्य घेतलं तिथे—”

“तेरा होता,” मी म्हणाले.

“कमीत कमी.”

मी मनात महिने मोजले. चौथा होता जानेवारीत. आता आठवा लागला असेल. म्हणजे अजून वेळ होता, असं मी स्वतःला दहा वेळा सांगितलं आणि मॅडमच्या खोलीत गेले. काय झालं ते उभ्या उभ्याच सांगितलं.

मॅडमनी वही ओढून घेतली आणि ती पेन्सिलीतली ओळ वाचली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“हे तुला कोणी शिकवलं, शालन? पहिल्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं?”

“शून्य मोकळ्या हवेत घ्यायचं.”

“मग?”

“चहा पीत बसले होते, मॅडम.”

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. “उद्या पहिल्या गाडीनं जा. नव्यानं माप घे. तिला त्या घरातून हलवायला सांग, त्याच दिवशी. आणि एक ध्यानात ठेव. आकडा सांगायचा, कारण सांगायचं नाही. कशामुळं काय झालं, हे आपलं यंत्र सांगत नाही. तो आपला अधिकार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी गावाच्या अलीकडच्या माळावरच उतरले. वाऱ्याला तोंड करून, पेटी दगडावर ठेवून अर्धा तास उभी राहिले, आणि तिथं शून्य घेतलं. मग चालू यंत्र खांद्याला लावून दोन मैल चालत गल्लीत गेले. या वेळी पोरं जवळ आली नाहीत. माझा चेहराच तसा असेल.

हौसाबाई दारातच बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

“मावशी, सुगंधा कुठं आहे?”

“भावाकडं.”

“बरं झालं!” माझ्या तोंडून निघून गेलं. “फार बरं झालं, मावशी. कधी गेली?”

“तीन आठवडं झालं. मोकळी झाली, मग गेली.” त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. “सातव्यात. पोरगा हुता. रडला न्हाई.”

मी उंबऱ्यावरच खाली बसले. बसू नये म्हणतात, तरी बसले. त्यांनीच विचारलं, “आज आनि कशापायी आलाय?”

मग मी सांगितलं. शून्य म्हणजे काय, ते घरात बसून घेतलं म्हणजे काय झालं, सगळं. गाडी गाठायची घाई होती हेही सांगितलं. सांगताना एकदाही ‘यंत्र’ म्हणाले नाही, ‘मी’ म्हणाले. त्यांना किती कळलं कोण जाणे. ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “आता माप घ्या. माझ्यासमोर घ्या.”

मी यंत्र घेऊन पुढच्या खोलीत पाऊल टाकलं. पंधरा. हौसाबाई माझ्या खांद्याशी उभं राहून पडद्याकडं बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. आयुष्य गुंजा-मासे तोलण्यात गेलेलं.

“पंधरा,” त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात तेरा-चौदा. छपरात अठरा. मला काही उमगेना. छपरातला पारा समजत होता, पण वारा खेळणाऱ्या छपरात अठरा आणि बंद खोलीत पंधरा? एवढा पारा इथं येतो कुठून? मी पुढच्या खोलीत परतले आणि नळी भिंतीभिंतीनं फिरवायला लागले. देवळीकडं वळले तसा आकडा चढत गेला. वीस. अठ्ठावीस. तांब्याच्या वाटीशी एक्केचाळीस.

“मावशी, ह्या वाटीत काय आहे?”

“गोळी.” त्यांचा आवाज बारीक झाला. “दर खेपंची पैली गोळी. चुलीवर घालायच्या आदी रातभर देवीम्होरं ठिवतो आमी. बरकत ऱ्हाती म्हून. आजेसासूपासनं चालत आलंय.”

“मग पारा मागंच असतो म्हणालात ते?”

“गोळी म्हंजे आमाला सोनं, बाई. तिला पारा म्हणत न्हाई आमी.”

मी नळी खाली नेली. सुगंधाची वाकळ अजून तिथंच घडी करून ठेवलेली होती. तिच्यावर तीस.

हौसाबाईंनी तोही आकडा वाचला. वाकळीकडं बघितलं, मग वर देवळीकडं. “आन मी तिला हितं निजवली,” त्या म्हणाल्या. “छपरात डास हाईत, आत उकडतंय, म्हून हितं. देवी राखंल म्हून.” त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि कपाळ गुडघ्यांवर आपटत राहिल्या. मी त्यांना धरायला गेले तर त्यांनी माझा हात झिडकारला.

“तुमी गेला, त्येच्या दुसऱ्याच दिवशी तिचा भाऊ आलावता. गाडी घिऊन. पोर पिशवी भरून दारात हुबी. मीच परत धाडला त्येला. म्हटलं, शेरातनं बाई आलीवती, यंत्र लावून सांगून गेली, घर चोख हाय. लई रडली वो त्या दिवशी. मी म्हटलं, रडतीस कशाला, तुज्यापरीस शिकल्याली बाई खोटं सांगंल व्हय?”

“चुकलं” हा शब्द त्यापुढं फार लहान वाटला मला.

मग एकाएकी त्यांनी मान वर केली. “तुमचा हात धरून मीच वडली की आत. न्हाईतर तुमी भाईर हुब्या हुता.”

“नाही मावशी,” मी म्हणाले. “तुम्ही चहाला बोलावलंत. बटण मी दाबलं. नियम मला माहीत होता, तुम्हाला नव्हता.”

यंत्र चालूच होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, “लिवून द्या.”

“काय?”

“ह्येच, जे आत्ता बोलला त्ये. आकडं, आन तुमची चूक. बापूचा चुलता रोज यिऊन बसतोय. म्हणतोय, तीन बारी रिकामी झाली, पांढऱ्या पायाची हाय, सोड तिला. येत्या शुक्रवारी दुसरी पोरगी बगायला जायाचं ठरलंय. मी बी हू म्हणून बसलीया.” त्या थांबल्या. “आन ती तिकडं म्हणती, माज्याच पोटात खोट हाय. भाकर खाईत न्हाई म्हणं.”

मी वहीतला कागद फाडून घेतला. प्रयोगशाळेचं नाव वर छापलेलं होतं. अशा कागदावर असलं लिहायचं म्हणजे नोकरीवर धोंडा, हे मला कळत होतं. पुढं चौकशी झाली, दोन वर्षं मला कुठल्याही यंत्राला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होतं. पण त्या घोंगडीवर बसून मी लिहिलं. जानेवारीतलं माप चुकीचं होतं. चूक माझी, शालन कुंभोजकर हिची. आज मोजलं तेव्हा राहत्या खोलीत पंधरा, देवळीत एक्केचाळीस, अंथरुणावर तीस. एकाच्या वर असू नये. खाली सही आणि तारीख. त्यापुढं काही लिहिलं नाही. मॅडमचं ‘कारण सांगायचं नाही’ कानात होतं.

“माज्या हातनं सुगंधा ह्यो कागद घ्यायची न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “तुमी चला.”

सुगंधाच्या भावाचं घर तिथून तासाभरावर, टमटमनं फाट्यापर्यंत आणि पुढं पायी. घर दिसायला लागलं तशी हौसाबाईंची चाल मंदावली, आणि कडब्याच्या गंजीपाशी त्या थांबल्याच. “तुमी व्हा म्होरं,” असं म्हणत त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

सुगंधा गोठ्यापुढं बसून शेणी थापत होती. अंग पार सुकून गेलेलं, डोळेच काय ते उरलेले. भावजय ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, शेजारच्या दोन बायका तिच्याजवळ. सुगंधानं मला ओळखलं. उठली नाही, शेणाचे हात तसेच ठेवून बघत राहिली.

“ताई, तुमी?”

मी तिच्यासमोर मातीत बसले आणि तिला सगळं सांगितलं. हौसाबाईंना सांगितलं तसंच, काही न वगळता. वाटीचंही सांगितलं. मग कागद पुढं केला. तिनं हात लुगड्याला पुसले, कागद घेतला आणि ओठ हलवत अक्षर अक्षर वाचला. एकदा वाचून पुन्हा वरपासून वाचला.

“अंथरुणावर तीस,” ती म्हणाली.

“हो.”

“एक असला तर चालतोय.”

“हो.”

“तुमी त्या दिवशी म्हटलावता, आनंद मान.”

“म्हटलं होतं.” मला रडू आवरेना. “सुगंधा, मला शिव्या दे. मार हवं तर.”

ती शिव्या देणाऱ्यातली नव्हती. कागदाकडं बघत तिनं विचारलं, “मंग ताई, माज्यात खोट न्हवती?”

याचं खरं उत्तर मला येत नव्हतं. तिसरं मूल पाऱ्यानंच गेलं का, पहिली दोन कशानं गेली, हे मीच काय, कुणीही छातीठोक सांगू शकलं नसतं. तेवढं मोजणारं काही माझ्याकडं नव्हतं, आणि ते सांगायचा अधिकार नाही हे मला बजावून पाठवलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

“नव्हती,” मी म्हणाले.

तिनं कागदाची घडी घातली. ओसरीवरच्या बायकांनी तांदूळ निवडायचे थांबवले होते. तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, मग वळून दूर गंजीपाशी डोक्यावर पदर ओढून उभ्या असलेल्या सासूकडं बघितलं.

“मोठ्यांदा म्हणा, ताई,” ती म्हणाली. “आत्यास्नी ऐकू जाऊ द्या.”

मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले.